एजंटशिवाय ऑडिशन मिळत नाही, हे खरे नाही

‘मुंबईत एजंट नसेल तर ऑडिशनच होत नाही, म्हणून आधी पैसे भरून नाव नोंदवा’ असा संदेश नवोदित कलाकारांमध्ये फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

भूमिकांसाठी कलाकार शोधून सुचवण्याचे काम निर्मात्याने नेमलेला कास्टिंग डिरेक्टर करतो आणि त्याचे मानधन निर्माता देतो. वर्सोव्याच्या आरामनगरातील अनेक कास्टिंग कार्यालयांत, तसेच घरून चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनद्वारे, एजंट नसलेल्या कलाकारांचाही विचार होतो. मराठी नाटकांत तर प्रायोगिक रंगभूमीवरचे काम पाहूनच पुष्कळदा बोलावणे येते. एजंट कलाकाराच्या वतीने बोलतो आणि मिळालेल्या मानधनातून ठरलेली टक्केवारी घेतो. काम मिळण्यापूर्वीच नोंदणी किंवा सक्तीच्या पोर्टफोलिओसाठी (कलाकाराच्या छायाचित्रांच्या संचासाठी) पैसे मागणाऱ्यापासून, माझ्या मते, दूरच राहावे.

एजंटची खरी गरज नंतर भासते: जाहिरात किती काळ आणि कोणकोणत्या माध्यमांत दाखवली जाणार, मालिकेच्या तारखा दुसऱ्या कामाच्या आड येतात का, टेलिव्हिजनवर बहुधा 90 दिवसांनी मिळणारे मानधन रखडले तर पाठपुरावा कोणी करायचा, हे प्रश्न एकट्याला झेपेनासे झाले की अनुभवी प्रतिनिधी उपयोगी पडतो. मात्र करारातील मुदत, टक्केवारी आणि तो मोडण्याची अट सही करण्यापूर्वी वाचावी.