"दोन मुलांचा कायदा करा"वाल्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी परत तेच टाकलंय, चीनने कायदा केला आणि लोकसंख्या आटोक्यात आणली, आपल्याकडे स्फोट चालूय, तिसरं पोर झालं की रेशन आणि नोकरी बंद करा. काका मोठे आहेत, पण एकदा उत्तर देतोच.

"चीनने कायद्याने करून दाखवलं": चीनमध्ये १९७० च्या आसपास एका बाईला सरासरी साडेपाचच्या वर मुलं व्हायची, १९७९ पर्यंत ती पावणेतीनवर आली होती, आणि एक मूल धोरण आलं १९८० ला. म्हणजे मोठी घसरण आधीच झालेली. आता २०१६ ला दोन, २०२१ ला तीन मुलांना परवानगी देऊन झाली तरी २०२२ पासून लोकसंख्या घटतेय आणि सरकार पोरांसाठी पैसे वाटतंय.

"भारतात स्फोट": २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात एका बाईमागे सरासरी २.० मुलं आहेत, महाराष्ट्राची १.७. पिढीला पिढी पुरायला २.१ लागतात. लोकसंख्या अजून वाढतेय ती तरुण जास्त आहेत म्हणून, घरटी पोरं जास्त म्हणून नाही. बिहार ३.० वर आहे हे खरं, पण केरळ १.८ वर आलं ते मुली शिकल्या, लग्नं उशिरा झाली, दवाखाना जवळ होता म्हणून, कुणी रेशन तोडलं म्हणून नाही.

"आपल्याकडे असा कायदाच नाही": काका, तुम्ही महाराष्ट्रात राहता! सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तेच. गावाकडे काय होतं विचारा, पोर भावाच्या नावावर दाखवायचं, नाहीतर विरोधकाने जन्मदाखला शोधून काढायचा आणि सरपंच अपात्र. माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांत अभ्यास केला तेव्हा पद वाचवायला बायको सोडलेली, पोर दत्तक दिलेलं, मुलीचा गर्भ पाडलेला, अशा केसेस निघाल्या. महाराष्ट्रात ०-६ वयात हजार मुलांमागे मुली २००१ ला ९१३ होत्या, २०११ ला ८९४. हे सगळं त्या एका नियमामुळे झालं असं मी म्हणत नाही, सोनोग्राफीवाले होतेच, पण ज्या घरात मुलगा हवाच आहे तिथे "दोनच" म्हटल्यावर कोण कमी होणार हे सांगायला लागतं का.

"कडक व्हायला हवं": झालो होतो की. १९७६ ला आपल्याच विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं बिल पास केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. त्या आणीबाणीच्या काळात देशात वर्षभरात साठ लाखांवर नसबंद्या झाल्या आणि ७७ ला सरकार पडलं, त्यानंतर कितीतरी वर्षं पुरुष नसबंदीचं नाव काढायला कुणी तयार नव्हतं, आजही ऑपरेशन म्हटलं की बाईच टेबलावर.

आणि आंध्रने हाच निवडणुकीचा नियम तीस वर्षं चालवून २०२४ ला काढून टाकला, आता तिथले मुख्यमंत्रीच जास्त मुलं होऊ द्या म्हणतायत.