पार्क हॉपर दुपारी दोननंतरच चालतं? आता नाही

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या पार्क हॉपरबद्दल, म्हणजे एकाच दिवशी एकाहून जास्त पार्कांत जाऊ देणाऱ्या तिकिटाबद्दल, एक मेसेज फिरतोय: 'पार्क हॉपर घेऊ नका, दुपारी दोनच्या आधी दुसऱ्या पार्कात सोडतच नाहीत.' हा नियम होता, पण २०२१ ते २०२४च्या सुरुवातीपर्यंत. ९ जानेवारी २०२४ पासून तो रद्द झालाय. आता पार्क उघडं असेल आणि गर्दीमुळे प्रवेश थांबवला नसेल, तर सकाळीसुद्धा जाता येतं.

म्हणून सगळ्यांनी ते घ्यावं असं मात्र मी म्हणणार नाही. साध्या तिकिटात दिवसाला एक पार्क मिळतं आणि पार्क चारच आहेत. चार दिवस हाताशी असतील तर चारही निवांत होतात. एकातून दुसऱ्यात जाताना बसची वाट, प्रवास आणि पुन्हा बॅगांची तपासणी, यात बराच वेळ जातो. सोबत लहान मुलं असली तर विचारूच नका! दोनच दिवस असतील तर गोष्ट वेगळी. चारपैकी ॲनिमल किंग्डम हे पार्क सहसा लवकर बंद होतं, तिथून संध्याकाळी एपकॉट हे दुसरं पार्क गाठता येतं.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला हा हिशोब लावू नका, तिथे दोन्ही पार्कांची दारं समोरासमोर आहेत.

युनिव्हर्सल ऑर्लँडोला जाणार असाल तर एक नक्की लक्षात ठेवा: हॉगवॉर्ट्स एक्सप्रेस ही हॅरी पॉटरची ट्रेन तिथल्या दोन पार्कांच्या मध्ये धावते, त्यामुळे एका पार्कच्या तिकिटावर तिच्यात बसता येत नाही. मुलांना त्या गाडीचं वचन देण्याआधी तिकीट तपासा.