अमेरिकेतलं नळाचं पाणी आणि कोरचीची बोअर

आमच्या घराच्या ग्रुपवर सध्या वाद पेटलाय. गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरचीच्या शेतावर दादाने नवी बोअर मारली, चांगलं पाणी लागलं. ते एकदा प्रयोगशाळेत पाठवा, त्यात आर्सेनिकचं विष आहे का तेही बघायला सांगा, एवढंच मी म्हणालो. उत्तर आलं, "जमिनीच्या पोटातलं पाणी म्हणजे अमृत. आजोबा हेच पिऊन नव्वदीपर्यंत जगले. आणि तुमच्या अमेरिकेत तर लोक नळाला तोंड लावून पितात!" खाली सात अंगठे.

न्यू जर्सीतल्या एडिसन शहरातले मराठी लोक पीत असतील नळाचं. मी त्याच राज्यात, पण हंटरडन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहतो. इथे घरामागे आमची स्वतःची बोअर आणि पुढे सेप्टिक टँक. घर घेताना क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्यांच्या, आधी पाण्याचा रिपोर्ट आला, त्यात आर्सेनिक न्यू जर्सीच्या मर्यादेच्या तिप्पट. ही मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. भारताची आणि जागतिक आरोग्य संघटनेची १०. कुठल्या कारखान्याचं हे पाप नाही, खालच्या खडकातूनच ते झिरपतं. म्हणजे जमिनीच्या पोटातलंच की! तळघरात आर्सेनिक गाळणाऱ्या दोन टाक्या बसवल्या, तेव्हा कुठे त्या पाण्याचा चहा केला.

आणि आजोबांचं काय सांगता? ते उघड्या विहिरीचं पाणी प्यायले. बोअर त्यांच्या हयातीत नव्हतीच. वरचं पाणी सोडून खोलातलं प्यायला लागायचं, बंगालमध्ये नेमकं हेच झालं. तळ्यांच्या पाण्याने हगवण लागून पोरं दगावत होती, म्हणून चांगल्या हेतूने गावोगाव कूपनलिका खोदल्या. पण खालच्या गाळात प्राणवायू नाही, तिथे लोहाला धरून बसलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात उतरतं. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांनी रुग्ण ओळखले. छाती-पाठीवर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपायांवर बोट फिरवलं तर टोचतील असे कठीण दाणे. लोकांना वाटायचं महारोग; मुलींची लग्नं अडायची. पुढे बांगलादेशात कूपनलिकांचं पाणी तपासून त्यांचे नळ रंगवले, लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या.

या विषाला चव नाही, वास नाही, रंग नाही. उकळलं तर पाणी उडतं आणि आर्सेनिक मागे राहतं. त्वचेवर दिसायलाही बहुधा पाच-दहा वर्षं जातात. मग फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग, हृदयविकार. चिलीतल्या अँटोफगास्टा शहराला १९५८ ते १९७० अशी बारा वर्षं लिटरला ८६० मायक्रोग्रॅमच्या आसपास आर्सेनिक असलेलं पाणी मिळालं. मग शुद्धीकरण सुरू झालं, तरी पुढची चाळीस वर्षं तिथे कर्करोगाचे मृत्यू जास्तच राहिले. "आम्हाला तर काही झालं नाही" हा युक्तिवाद अशा विषापुढे किती टिकणार?

कोरचीच्या पाण्यात आर्सेनिक आहेच, असं मी म्हणत नाही. पण सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये, अंबागड चौकीच्या भागात, कौडीकसा गावात, ते सापडलेलं आहे आणि तिथल्या लोकांच्या हातापायांवर दिसलेलं आहे. खडक राज्याची सीमा बघून थांबतो का?

यावर दादाने लिहिलं, "तिथे बसून डॉलरचं शहाणपण शिकवू नकोस." तपासणीचे पैसे मी देतो म्हटलं, तर तो जास्तच भडकला. माझा मुद्दा बरोबर आहे, असं मला अजूनही वाटतं. पण ग्रुपवर मी सांगितलं नाही ते इथे सांगतो. खासगी विहिरींच्या पाण्यासाठी २००२ पासून न्यू जर्सीत एक कायदा आहे, पण तो घर विकताना किंवा भाड्याने देतानाच पाणी तपासायला लावतो. पाणी वाईट निघालं तरी टाक्या बसवा अशी सक्ती नाही. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचं घर त्याच्या बापाने बांधलेलं, कधी विकलंच नाही, म्हणजे कायद्याने ते पाणी कधी तपासायला लावलेलंच नाही. आमच्या दोघांच्या बोअरमध्ये फार तर शंभर पावलांचं अंतर असेल. रोज कुंपणाशी बोलतो आम्ही, हवेबद्दल, हरणांनी खाल्लेल्या होस्टाच्या झाडांबद्दल. त्याला मात्र मी पाण्याबद्दल कधी विचारलेलं नाही. बाहेरून आलेल्याने इथल्या माणसाला त्याच्याच विहिरीबद्दल काय सांगायचं, असं वाटतं.

पहाटे पाचला उठून मी दादाला तीन-तीन मेसेज टाकतो, तेव्हा माझ्या मनात असलं काही येत नाही. कोरचीच्या त्या बोअरवर माझा हक्क आहे असं मी धरूनच चालतो, आणि सात-बारावर माझं नाव नाही हे तो मला अजून तरी बोललेला नाही.