बाल्तासार कार्लोसला मुलीचे कपडे घातले नव्हते

‘दृष्ट लागू नये म्हणून स्पेनच्या राजाने एकुलत्या एक राजपुत्राला मुलीचे कपडे घातले आणि चित्रात शेजारी बहिणीला उभं केलं.’ स्पेनचा दरबारी चित्रकार दिएगो वेलास्केझच्या एका चित्राखाली हा मजकूर फिरतोय. त्यातला राजपुत्र म्हणजे बाल्तासार कार्लोस. चित्र बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातलं, १६३२च्या आसपासचं. आपल्याकडे नवसाच्या मुलाचं नाक टोचायचे, नाव दगडू-धोंडू ठेवायचे. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला चटकन पटते. पण ती खरी नाही.

आधी कपडे. त्या काळी युरोपात मुलगा असो वा मुलगी, पाच-सहा वर्षांपर्यंत अंगात पायघोळ झगाच असे. मोठ्यांची तुमान नाड्यांनी वरच्या अंगरख्याला बांधलेली, ती लहान पोराला सोडता येणं कठीण. शिवाय पोर वाढलं की झग्याची दुमड उसवता येई. हाच बाल्तासार सहाएक वर्षांचा झाल्यावर वेलास्केझने त्याला घोड्यावर रंगवलं. ते चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे आणि त्यात झगा नाही, तुमान आणि बूट आहेत.

राजपुत्राला लपवलं म्हणणाऱ्यांनी बोस्टनचं चित्र जरा नीट बघावं. जेमतेम दीड-दोन वर्षांचं ते पोर. सोनेरी भरतकामाच्या झग्यावर गळ्याशी पोलादी चिलखताचा तुकडा, छातीवर तांबडा पट्टा, एका हातात सेनापतीचा दंड, दुसरा तलवारीच्या मुठीवर. हा गादीचा वारस आहे, हे चित्र उघडउघड सांगतं. कुणापासून काही झाकण्याचा त्यात प्रयत्नच नाही.

बहिणीचं तर साफ चूक. तेव्हा त्याची एकही बहीण हयात नव्हती. पुढे उभी आहे ती दरबारातली ठेंगणी व्यक्ती, हातात खुळखुळा आणि सफरचंद घेऊन. राजदंड आणि राजगोल (राजाच्या हातातला सत्तेचं चिन्ह असलेला गोळा) यांची ती खेळण्यातली रूपं आहेत, असं अनेक अभ्यासक मानतात. मला या चित्रातला सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो, आणि ‘बहीण’ म्हटलं की तो दिसेनासा होतो.

दृष्टीची भीती स्पेनच्या राजघराण्यात होतीच. १६५९मध्ये वेलास्केझने बाल्तासारचा सावत्र भाऊ फेलिपे प्रोस्पेरो रंगवला, ते चित्र व्हिएन्नात आहे. झग्यावरच्या पांढऱ्या एप्रनवर घंटी आणि ताईत लोंबताना स्पष्ट दिसतात. दृष्टीवरचा उपाय तो होता. प्रकृतीने नाजूक असलेला फेलिपे १६६१मध्ये, चार वर्षांचा होण्याआधीच गेला.