बीएस-सिक्स ट्रकला रॉकेल पाजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

मालक, तुमचा बीएस-सिक्स (धुराच्या कडक नियमांत बसवलेला) ट्रक कंपनीनं उगाच नाजूक करून ठेवलाय. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दोन हजार बारच्या आसपास दाब आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या आत सुई हलायला दोन-तीन मायक्रॉनची जागा! ऊस ओढणाऱ्या गाडीचे एवढे लाड बरे नव्हेत.

सुरुवात रॉकेलपासून करा. 1 एप्रिल 2020 पासून डिझेलमधलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) आणलंय. ते काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा बुळबुळीतपणाही जातो, म्हणून वंगणाचं रसायन मोजूनमापून घालावं लागतं. तुम्ही शंभराला वीस लिटर रॉकेल ओता, मोजमाप गेलं पंचगंगेत. हाय प्रेशर पंपाला डिझेल सोडून दुसरं वंगण नसतं. तो कोरडा पडला की धातू घासून चकाकणारी पूड रेलमधून थेट नोझलांत जाते. मग पंप, रेल, नोझल सगळं एकदम नवं घ्यायचं, एकेक बदलायची कटकट वाचली. रॉकेल मिळत नसेल तर ‘बायोडिझेल’ म्हणून बॅरलमधून मिळतं ते घ्या. पावती मागून समोरच्याला अडचणीत आणू नका.

वंगण कमी पडतंय? बदललेलं जुनं इंजिन ऑइल फडक्यातून गाळून टाकीत घाला. त्यातल्या कॅल्शियम, जस्ताची राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साचते. काजळी रीजनरेशनला (हा फिल्टर तापवून साफ होताना) साधारण 600 अंशांवर जळून जाते. राख जळत नाही, ती मुक्कामालाच आलेली असते.

पावसाळ्यात गगनबावड्याकडं फेऱ्या असल्या तर टाकीच्या टोपणाचं फाटलेलं रबर तसंच ठेवा. रात्री टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी लावा, दव आतच धरेल. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरचा खालचा स्क्रू सैल करून पारदर्शक ग्लासात थोडं काढलं, तर खाली पाणी आणि वर डिझेल असे दोन थर स्वच्छ दिसतात. म्हणून ग्लास धरायचाच नाही. फिल्टर बदलताना हँड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) मारत बसू नका. कॅनमधलं डिझेल फिल्टरच्या मधल्या भोकात ओता. न गाळलेला कचरा पलीकडं पोचवायचा हाच जवळचा रस्ता.

डीईएफ (धूर साफ करायला लागणारं युरियाचं द्रावण) विकत कशाला? शेतीचा युरिया बोअरच्या पाण्यात, जस्ताच्या बादलीत कालवा. प्रमाण 32.5 टक्के असतं म्हणे, पण अंदाजानं चालतं. युरियावरचं निंबोळीचं तेल, बोअरच्या पाण्यातले क्षार आणि बादलीचं जस्त मिळून एससीआर, म्हणजे डीईएफ वापरून धूर साफ करणारी यंत्रणा, जाम करतात. मग गाडी स्वतःच ताकद कमी करते, चढाला आपोआप बेतानं चालते.

पंपावर घनता मोजून मागणं हा तुमचा हक्क आहे: जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर, मग तक्त्यावरून 15 अंशांची घनता. पंपावरच्या नोंदीपेक्षा 3 किलो प्रति घनमीटरहून जास्त फरक आला तर संशय घ्यायचा. (थोडं रॉकेल यातूनही निसटतं, तेवढाच दिलासा.) पण मागं रांग लागलेली असते, पंपावरचं पोरगं खुन्नस देतं. राहू दे.

शेवटी वॉरंटीवाला टाकीतल्या डिझेलचा नमुना आणि बिलं मागेल. त्याआधी टाकी धुऊन ठेवा. क्लेम नाकारायला त्याला मग दुसरं काही शोधत बसावं लागणार नाही.