तळाशी खडी टाकली की मुळं कुजत नाहीत? तसं नाहीये

घरातल्या कुंड्यांसाठी एक मेसेज फिरतोय, तळाला दोन इंच खडी टाका म्हणजे पाणी पटकन निचरतं आणि मग बघायलाच नको. अहो, उलट होतं! बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, वरची माती गच्च भिजल्यावरच ते खाली जातं, म्हणजे चिखल मुळांच्या अजून जवळ सरकतो. ओला स्पंज आडवा धरा, ठिबकणं थांबलं की उभा करा, परत पाणी गळेल. कुंडीतल्या मातीचंही तेच, खडी टाकून मातीची उंची कमी केली की पाणी जास्त अडतं. कटकट नको असेल तर भोकाची कुंडी, मातीत परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे), नि स्नेक प्लांट किंवा झीझी अशी कमी पाण्यावर तगणारी झाडं लावा, बोट खुपसून आत कोरडं लागलं तरच पाणी घाला. भोकावर जाळीचा तुकडा चालेल, बशीतलं पाणी मात्र ओतून टाका.