‘ग्रीन वीज घेतली की रात्री अंधार’ म्हणे! अमेरिकेतल्या वीजखरेदीवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज सोलापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. सोसायटीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, कुठलाच सोडलेला नाही. असले मेसेज मी एरवी न वाचता उडवतो. पण हा जुळे सोलापुरातल्या माझ्या मावशीपर्यंत पोचला, मावशीची मुलगी बॉस्टनला असते, आणि मावशीने तिला फोन लावून सांगितलं, "ते सरकारी लाईटचं आधी बंद कर, दारात खाजगी कंपनीची माणसं येतात म्हणे, त्यांच्याकडं सही करून टाक, इथं सगळे तेच सांगलालेत." बहिणीने सही करायच्या आधी मला मेसेज टाकला म्हणून ठीक, नाहीतर हे प्रकरण डॉलरमध्ये गेलं असतं.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात. अमेरिकेत नगरपालिका लोकांना न विचारता त्यांची वीज स्वतःच्या ताब्यात घेते आणि मग बाहेर पडता येत नाही, दंड बसतो. ग्रीन वीज घेणाऱ्यांच्या घरी सूर्य मावळला की अंधार. तार तीच, वीज तीच, मग ग्रीनचे जास्तीचे पैसे म्हणजे शुद्ध लूट. सगळ्यांची बिलं डबल झाली. तिथल्या आपल्या माणसांनी ताबडतोब खाजगी कंपनीशी थेट करार करावा. आणि शेवटी आपल्यासाठी खास, हेच आता भारतात सोसायटीवरच्या सोलरच्या नावाने येतंय, छत कंपनीच्या नावावर होईल, सावधान. खाली हात जोडलेले आणि "किमान दहा जणांना पाठवा".

आधी ही भानगड नक्की काय आहे ते सांगतो, कारण मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक ते वाचलेलंच नाही. आपल्या गल्लीत चार-पाच घरं मिळून मंगळवेढ्याची ज्वारी पोत्याने आणतात आणि वाटून घेतात, तसंच. शहर किंवा गाव आपल्या सगळ्या रहिवाशांची मागणी एकत्र करतं आणि वीज विकणाऱ्याशी एकदम भाव ठरवतं. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९७ च्या कायद्याने याला परवानगी मिळाली, केप कॉडकडची गावं पहिल्यांदा एकत्र आली, कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये कायदा केला आणि तिथला मरीन काउंटीचा कार्यक्रम २०१० मध्ये चालू झाला. बॉस्टनचा फेब्रुवारी २०२१ पासून चालू आहे. त्यात तीन प्रकार आहेत, एक बेसिक, एक स्टँडर्ड ज्यात कायद्याने लागते त्यापेक्षा जास्त ग्रीन असते, आणि एक पूर्ण १०० टक्के ग्रीन. खांब, तारा, मीटर, बिल, लाईट गेली की तक्रार, हे सगळं आधीच्याच कंपनीकडे राहतं, बॉस्टनमध्ये ती एव्हरसोर्स. नगरपालिकेचा माणूस काही खांबावर चढत नाही.

माझा पॉवरलूमचा धंदा आहे, अक्कलकोट रोडला. लूमवाल्याला वीजबिल वाचता आलं नाही तर त्याने टॉवेल विकून काय उपयोग, सगळं बिलातच जातं. म्हणून सांगतो, महावितरणचं बिल काढून बघा, त्यात वीज आकार वेगळा आणि वहन आकार वेगळा छापलेला असतो. एक विजेचा पैसा, दुसरा ती तारेवरून आणून पोचवण्याचा. अमेरिकेतल्या या कार्यक्रमात बदलतो तो फक्त पहिला. एवढं डोक्यात बसलं की अर्धा मेसेज तिथंच संपतो.

आता अंधाराचं घेऊ, कारण मावशीला सगळ्यात जास्त तेच पटलं होतं. "सूर्य नसला की सोलर कसा चालंल बाळा?" मावशी, बरोबर आहे तुझं, सोलर रात्री चालत नाही, पण तुझ्या मुलीच्या घराला सोलरची वेगळी तार आलेलीच नाही. तिच्या घराला ग्रिडची, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक जाळ्याची, तार आहे, आणि त्या ग्रिडवर गॅसची वीज आहे, अणुऊर्जेची आहे, पाण्याची आहे, वाऱ्याची आहे, सगळं एकत्र. सोलापूरचंच बघा ना, फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, ६६० चे दोन संच, उजनीचं पाणी पाईपलाईनने तिथं जातं, चिमण्या लांबून दिसतात. म्हणून काय आपल्या घरात फक्त फताटेवाडीची वीज येते का? ती वीज ग्रिडला जाते आणि तिच्यात महाराष्ट्राशिवाय दुसऱ्या राज्यांचाही वाटा आहे. आणि तिथला एखादा संच दुरुस्तीला बंद ठेवला म्हणून विजापूर रोडचे पंखे थांबलेत असं कधी झालंय का? मग बॉस्टनमध्ये ग्रीनवाल्याच्या घरी अंधार आणि शेजारच्या बिनग्रीनवाल्याच्या घरी उजेड, हे मीटर ओळखणार कसं? मीटरला काय हिरवा-काळा रंग कळतो? हा मुद्दा लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी रस्त्यावरची विजेची डीपी उघडून बघावी, लांबूनच, हात न लावता.

यातूनच तिसरा मुद्दा येतो, तार तीच तर ग्रीनचे पैसे कशाचे. हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. तुमच्या प्लगमध्ये जी वीज येते ती शेजाऱ्यासारखीच येते, त्यात काडीचा फरक नसतो. फरक पडतो तो हिशोबात. पवनचक्की किंवा सोलर प्रकल्पाने १००० युनिट ग्रिडला दिले की त्याचं एक सर्टिफिकेट बनतं, तुम्ही जेवढी वीज ग्रीन म्हणून घेता तेवढी सर्टिफिकेटं तुमच्या नावाने विकत घेऊन रद्द केली जातात, म्हणजे तीच दुसऱ्या कोणाला परत विकता येत नाहीत. ते सर्टिफिकेट कुठल्या भागातलं, नवीन प्रकल्पाचं की जुन्या, यावर त्याची किंमत आणि उपयोग ठरतो, आणि काही ठिकाणी लांबच्या राज्यातली स्वस्त सर्टिफिकेटं घेऊन "१०० टक्के ग्रीन" चा बोर्ड लावतात ही टीका तिथलेच लोक करतात, ती योग्यच आहे. पण त्याला लूट म्हणायचं तर ज्याला नको त्याने बेसिक घ्यावं, पर्याय दिलाय ना. आणि हे काही फक्त अमेरिकेचं खूळ नाही, आपल्याच राज्याच्या वीज नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये आदेश काढला की ज्या ग्राहकाला पूर्ण ग्रीन वीज पाहिजे त्याने नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जास्त द्यावेत (नंतरच्या आदेशांमध्ये दर बदलू शकतो, ताजा दरपत्रकात बघा). तेव्हा कोणी हात जोडून मेसेज पाठवले नव्हते.

न विचारता नाव घालतात हे खरंय. त्याची पद्धतच अशी आहे की घरी आधी पत्र येतं, नको असेल तर कळवायला मुदत असते, नाही कळवलं तर नाव जातं. मलाही ही पद्धत फार आवडत नाही, लोक पत्र उघडतच नाहीत. पण "बाहेर पडता येत नाही, दंड बसतो" हे साफ खोटं. बॉस्टनमध्ये कधीही बाहेर पडता येतं, दंड शून्य, परत एव्हरसोर्सच्या नेहमीच्या दरावर. ज्याचा आधीच खाजगी कंपनीशी करार आहे त्याचं नाव आपोआप घालतही नाहीत.

बिलं डबल झाली याचा पुरावा मेसेजमध्ये एकही नाही, एक बिल नाही, एका गावाचं नाव नाही. खरी गोष्ट अशी की शहराचा दर करारात काही काळ बांधलेला असतो आणि कंपनीचा नेहमीचा दर अधूनमधून बदलत राहतो, त्यामुळे कधी हा स्वस्त पडतो तर कधी तो. शिकागोने २०१२ मध्ये मतदान घेऊन असा कार्यक्रम केला, सुरुवातीला वाचले पैसे, पुढे फायदा उरला नाही म्हणून २०१५ मध्ये बंद करून सगळे परत जुन्या कंपनीकडे. कोणी कोणाला कोंडून ठेवलं नाही. स्वस्तच पडेल अशी हमी कोणी देत असेल तर तोही थापाच मारतोय, हे या एकत्रित खरेदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही सांगतो.

आता त्या ओळीकडे येतो जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. "खाजगी कंपनीशी थेट करार करा." बाकी सगळा मूर्खपणा आहे, हा मुद्दा मात्र लोकांच्या खिशात हात घालणारा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये घरगुती ग्राहकाला एकट्याने खाजगी पुरवठादार निवडता येतो, आणि त्यांची माणसं दारोदार फिरतात, फोन करतात, पहिले काही महिने दर कमी दाखवतात, नंतर चढवतात, करार मोडायचा म्हटलं की कित्येकदा रद्द करण्याची फी. म्हणजे मेसेजने जो दंड नगरपालिकेच्या नावावर घातला तो बसतो इकडे! २०१८ मध्ये तिथल्या राज्याच्या अटर्नी जनरल, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकील, मॉरा हीली (पुढे त्याच राज्याच्या गव्हर्नर झाल्या) यांच्या ऑफिसने बिलांचा हिशोब काढून अहवाल दिला. जुलै २०१५ ते जून २०१७ या दोन वर्षांत खाजगी पुरवठादाराकडे एकट्याने गेलेल्या घरगुती ग्राहकांनी, ते नेहमीच्या कंपनीच्या दरावर राहिले असते तर जेवढे भरले असते त्यापेक्षा १७ कोटी ६८ लाख डॉलर जास्त भरले. जास्त! वाचवले नाहीत, घालवले. आणि कमी उत्पन्नाची घरं यात जास्त सापडली होती, ज्यांना एक डॉलर वाचला तरी पाहिजे तीच. अहवालाने शिफारस काय केली तर घरगुती ग्राहकांसाठी हा एकट्याने करार करायचा बाजारच बंद करा. शहरांच्या एकत्रित खरेदीचा यात समावेश नाही, ते प्रकरण वेगळं.

एवढं उघड असताना आपला मेसेज सांगतोय की शहराचं सोडा आणि दारातल्या माणसाकडे सही करा. मला काय वाटतं ते सरळ सांगतो, हा मेसेज मूळचा कोणा एजंटानेच लिहिला असेल तरी मला नवल वाटणार नाही, पुरावा माझ्याकडे नाही, पण फायदा कोणाचा ते बघा ना. बहिणीला मी एवढंच सांगितलं की दारात कोणी आला तर त्याला बिल दाखवू नकोस, बिलावरचा अकाउंट नंबर त्याला पाहिजे असतो आणि बाकीचं तो करतो. आणि तुझ्या शहराचा दर आणि एव्हरसोर्सचा दर दोन्ही शेजारी ठेवून तूच ठरव, मावशी नाही, मी पण नाही.

राहिला शेवटचा, आपल्या छताचा. इथं मेसेजवाल्याने दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली. सोलापुरात आपल्याला घरगुती वीज पुरवठादार निवडायचा पर्यायच नाही, महावितरण आहे आणि महावितरणच आहे. २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी ग्रीन वीज महावितरण सोडून बाहेरून घ्यायला लागणारी किमान मागणीची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, ती कारखान्यांच्या, मोठ्या ग्राहकांच्या कामाची, दोन पंखे-एक फ्रीजवाल्याच्या नाही. त्यामुळे "तेच इथं येतंय" याला आधार शून्य.

सोसायटीच्या सोलरचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आमच्या सोसायटीत खरंच अडकलाय, याच मेसेजमुळे, म्हणून चिडचिड होते. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॅटला ३०,००० रुपये किलोवॅटमागे, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० सबसिडी. सोसायटीला लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्याचे दिवे असल्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,०००. स्वतःच्या पैशाने किंवा कर्जाने बसवलं तर पॅनल सोसायटीचे, छत सोसायटीचं, कंपनी बसवून जाते, विषय संपला. वर सोलापूरच्या उन्हाबद्दल कोणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं की एप्रिल-मेमध्ये तर दुप्पट वीज होईल, तेही चूक बरं का, पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको, ४३ डिग्रीला उलट थोडी कमीच बनते.

छत कंपनीकडे जाण्याची जी भीती आहे तिला एकाच ठिकाणी थोडा आधार आहे, ज्या मॉडेलमध्ये कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनल लावते आणि तुम्ही तिच्याकडून युनिटने वीज घेता. त्यात करार संपेपर्यंत पॅनल कंपनीचे, आणि छत वापरायचा हक्क करारात लिहिलेला असतो. मालकी जात नाही, पण करार किती वर्षांचा, दर दरवर्षी किती वाढणार, मध्येच वॉटरप्रूफिंग करायचं झालं तर पॅनल काढून परत बसवायचा खर्च कोणाचा, करार संपल्यावर पॅनल कोणाचे, हे प्रश्न विचारायलाच पाहिजेत. आमच्या मीटिंगला यातला एकही प्रश्न निघाला नाही, सगळा वेळ "अमेरिकेत काय झालं" यातच गेला. आणि ज्यांना सोसायटीच्या एकाच मीटरवर ढकलतील अशी भीती वाटते त्यांच्यासाठी, फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमात दुरुस्ती झाली आहे, सोसायटीत एकच जोडणी की घराघराला स्वतंत्र हे वीज कंपनीने मतदान घेऊन, निम्म्याहून जास्त लोक म्हणतील तसं ठरतं. चेअरमनच्या मनावर नाही. पुढच्या मीटिंगला करारांचे मसुदे मागवलेत, दोन्ही मॉडेलचे, ज्याला बोलायचंय त्याने ते वाचून या.